सरणाचा आंबा

वार्षिकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "तुम्ही घामाच्या सुगंधावर लिहा." चहा माझ्या नाकातून बाहेर यायचाच राहिला. घामाला सुगंध असतो असं ज्याला वाटतं, त्याने ऐन एप्रिलात चिंचेचा बुंधा फोडावा आणि मग स्वतःचा सदरा हुंगून बघावा. पण संपादक भला माणूस, खुर्चीवरून उठायलाच तयार नव्हता. शेवटी मी लिहितो म्हटलं, ते त्याला घालवण्यासाठी.

मी पार्सेचा. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि पुढचं सगळं आयुष्य पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत पडलेली झाडं फोडून त्यांचं जळण करण्यात घालवलं. झाड पाडणारे वेगळे. त्यांचा थाट असतो, दोर लावतात, आरडाओरडा करतात, झाड पडलं की लोक टाळ्या वाजवतात. मग ते विडी ओढत निघून जातात आणि आडव्या पडलेल्या धुडाचं काय करायचं, हा प्रश्न आमच्यासारख्यांसाठी मागे ठेवतात.

लोकांना वाटतं, हे ताकदीचं काम आहे. घरमालक लुंगी वर खोचून बाजूला उभा राहतो आणि सांगतो, "मदीं मार रे, मदीं!" मोठ्या बुंध्याला मध्ये कधीच मारायचं नसतं. मध्ये मारलंत तर पाचर अडकून बसते, मग ती काढायला दुसरी ठोका, दुसरी काढायला तिसरी. कापलेल्या तोंडावर बारीक चिरा असतात, त्या बघायच्या. मग कडेकडेने फळ्या सोडवत आत जायचं. गाभा शेवटी. ओल्या लाकडात पाचर टिकत नाही, ठोकली की उसळी मारून बाहेर येते, म्हणून तिला चुलीतली राख चोळायची. आणि ठोकताना कान उघडे ठेवायचे. घणाचा आवाज बसका झाला की थांबायचं, लाकूड आपलं आपण उकलतं. हे थांबणं घरमालकाला सहन होत नाही. त्याला वाटतं, गडी चुकारपणा करतोय.

माझ्या करवतीचं दुसरं टोक बसाप्पा धरायचा. हा बेळगावकडचा, गोव्यात बांधकामावर आलेला, मुकादमाशी भांडून माझ्याकडे आला तो कायमचा. दोघांच्या करवतीचा नियम एकच आहे, आपल्याकडे ओढायची, समोरच्याकडे ढकलायची नाही. ढकललीत की पातं वाकतं. बसाप्पाला हे एकदाच सांगावं लागलं. बाकी माणसांना जन्मभर सांगून कळत नाही, हे मी पंचायतीच्या सभा बघून ठरवलेलं आहे.

गिऱ्हाइकांत शहाणा म्हणावा असा फक्त पदेर, म्हणजे आमच्याकडचा पाववाला. त्याला त्याच्या फोर्नसाठी, म्हणजे पाव भाजायच्या भट्टीसाठी, सुकं, एकसारखं आणि चीक नसलेलं लाकूड लागतं, आणि तो ते हातात घेऊन, वाजवून घेतो. काजूच्या भट्टीवाल्याला काहीही चालतं. त्याच्या भट्टीत दारू गळायला लागली की त्याला लाकूड कुठलं आणि पाय कुठला हेही कळत नाही. सगळ्यांत थोर गिऱ्हाईक मात्र हरमलला भेटलं. तिथे एका रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मासेमाराच्या, घरी एक दाढीवाला गोरा खोली घेऊन राहिला होता. मालकाने नुकता पाडलेला फणस फोडायला आम्हाला बोलावलं, तर हा गोरा धावत आला, डोळे मिटले आणि बुंध्याला उघड्या छातीने मिठी मारून झाडाची क्षमा मागत बसला. झाडाने क्षमा केली की नाही ठाऊक नाही, पण फणसाच्या चिकाने त्याला सोडलं नाही. खोबरेल तेल आणि वस्तरा घेऊन आम्ही त्याची दाढी झाडापासून वेगळी केली. बसाप्पा तेवढं एकच वाक्य बोलला, "हे काय करालंय की हो!"

असो. हसण्यासारखी माणसं पुष्कळ भेटली. मला लिहायचंय ते एका आंब्याबद्दल. ज्यांची ही गोष्ट, ती दोन्ही माणसं, एक आई आणि तिचा मुलगा, आता नाहीत, आणि म्हणूनच लिहितो.

गोव्याला राज्य मिळायच्या थोडे आधीचे दिवस. भाषेचं आंदोलन पेटलं होतं. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडायला निघाली होती, आणि शिव्या मात्र दोन्हीकडून अगदी एकाच बोलीत चालल्या होत्या. रस्ता बंद करायचा म्हणजे झाड पाडायचं, एवढं त्यांना समजलं होतं. हिरवीगार झाडं, ज्यांना काडीची भाषा येत नाही, ती पटापट आडवी होत होती. गुरुदास कुठल्या बाजूचा होता हे मी लिहिणार नाही. लिहिलं तर अर्धे वाचक इथेच अंक मिटतील आणि उरलेले अर्धे खूश होतील, आणि मला दोघांचीही तेवढी पर्वा नाही.

हा गुरुदास पेडण्याला एका कचेरीत कारकून होता. भाषण करायला उभा राहिला की खाली बसायचं विसरायचा. घर आमच्या पार्सेहून पेडण्याला जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. घरात बायको नव्हती, म्हातारे आईबाप होते. बापाला सगळे दाजी म्हणायचे, आईला सत्यभामाकाकी. कुंपणाच्या कोपऱ्यात, रस्त्यावर झुकलेला एक जुना आंबा होता. तो दाजींचा सरणाचा आंबा.

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्याच जागेतला आंबा तोडून सरण रचतात. काही म्हातारे आपलं झाड आधीच ठरवून ठेवतात आणि चारचौघांना दाखवून ठेवतात. दाजींनी मलाही दाखवला होता. म्हणाले होते, "हो माजो. माज्या वक्ताक तूच फोड. आणि बारीक फोड हां, माका धुरात घुसमटाक नाका." मरणाची थट्टा करायला जी छाती लागते ती त्या माणसाकडे होती. या रिवाजात एक गोष्ट मात्र लहान पोरालाही ठाऊक असते. माणसाचा श्वास चालू आहे तोवर त्या झाडाला लोखंड लावायचं नाही. लावलं तर मरणाला अंगणात बोलावल्यासारखं होतं.

दाजी तेव्हा कित्येक महिने अंथरुणाला खिळलेले. गुरुदासला रस्त्यासाठी झाड हवं होतं. दुसऱ्याचं पाडलं असतं तर भांडण झालं असतं, पोलिसांकडे तक्रार गेली असती. म्हणून या शूर माणसाने स्वतःच्या घरचा आंबा निवडला आणि त्याला त्याग असं नाव दिलं. रिवाजाची आठवण कुणीतरी करून दिली, तेव्हा तो म्हणाला, "या खुळचट समजुती आहेत." सभेत तो फार पुढारलेला होता.

बस बंद होत्या, म्हणून बसाप्पा आणि मी करवत खांद्यावर घेऊन पेडण्याला चालत निघालो होतो. वळणावरून बघतो तर आंबा रस्त्यावर आडवा, फांद्या पलीकडच्या गटारात रुतलेल्या, आणि बुंध्यावर उभा राहून गुरुदास भाषण करतोय. मी आधी बुडाचा घाव बघितला. उंदराने कुरतडावा तसा चारी बाजूंनी खाल्लेला. झाड पडताना घराच्या गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरे घेऊन पडलं होतं. अलीकडे गुरुदासची माणसं घोषणा देत होती. पलीकडे अडकलेले लोक, मासळीच्या पाट्या घेतलेल्या दोघी बायका, आणि त्यांच्यात मिसळलेले विरुद्ध बाजूचे काहीजण शिव्या देत होते. सगळं अगदी जत्रेसारखं.

तेवढ्यात घरातून बायकांच्या रडण्याचा आवाज आला.

शेजारचा एक माणूस गडग्यावरून उडी टाकून आला आणि म्हणाला, "गुरुदास, खाली उतर. दाजी गेले."

गुरुदास बुंध्यावरून उतरला. घोषणा थांबल्या आणि कुजबुज सुरू झाली. "जिवंतपणी सरणाचा लाकूड पाडल्यान." कोण बोललं कळलं नाही, पण मग तेच वाक्य इकडून तिकडून ऐकू यायला लागलं. मघाशी त्याग म्हणून त्याची पाठ थोपटणारेही आता दोन पावलं मागे सरकले होते. माणसं किती लवकर शहाणी होतात!

गुरुदास चाचरत म्हणाला, "पेडण्यासून लाकडां हाडुया." कुठून आणणार? पुढच्या वळणावरही याच्याच माणसांनी झाड पाडलेलं. आपणच कोंडलं होतं त्याने आपल्या बापाला. एवढ्यात सत्यभामाकाकी फाटकाबाहेर आली. रडत नव्हती. कपाळावरचं कुंकू अजून तसंच होतं. मला बघून म्हणाली, "तू आयलंस तां बरां झाला. लाकूड पडलाच आसा. फोड."

मी करवत खाली घेतली, तर एक दाढीवाला कार्यकर्ता आडवा आला. "काकी, बंद सांजेपर्यंत आसा. झाड हललां तर आंदोलनाची लाज जातली." पलीकडून लगेच आरोळी आली, "फोडा, फोडा! रस्तो मोकळो करा!" त्यांना दाजींचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना जिंकायचं होतं. ते ओरडले म्हणून हे आणखी हट्टाला पेटले. दोन-चारजण जाऊन बुंध्यावर बसले. उन्हं चढत होती, आत दाजी चटईवर पडले होते, आणि अंधार पडायच्या आत त्यांना आपल्या लाकडावर जायचं होतं. काकीने लेकाकडे बघितलं. तो एक शब्द बोलला असता तरी ती माणसं उठली असती. तो जमिनीकडे बघत राहिला. मला त्याची इतकी किळस आली की घण त्याच्याच डोक्यात घालावा असं वाटलं.

वाद घालून उपयोग नव्हता. वाद घालणं हाच त्यांचा धंदा होता. मी काकीला म्हटलं, "एक नारळ दी गे."

मोठ्या झाडाला हात लावण्यापूर्वी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला हाक मारून मागणं मागायचं आणि जमलेल्या प्रत्येकाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गप्प कुणी राहत नाही. लहानपणापासून जत्रेत, लग्नात, गुरांच्या आजारपणात, प्रत्येक ठिकाणी म्हटलेलं असतं, ओठ आपोआप हलतात. मी नारळ बुंध्यावर ठेवला, टोपी काढली आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या वाटेर जमलेल्या तुज्या लेकरांचा गाऱ्हाणा आयक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बुंध्यावर बसलेले ताडकन उठून उभे राहिले. गाऱ्हाणं चालू असताना बसून कोण राहणार?

"दाजीन वाडयलेलो आंबो दाजीकच पावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पलीकडचेही म्हणत होते. मासळीवाल्यांनी डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवल्या.

"आणि ह्या लाकडाक जो कोण आड येयत, मगे तो हयचो आसो नायतर थयचो, तेका तू बघून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज दाढीवाल्याचा होता. नारळ फुटला, आणि आपण काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं. पण आता देवासमोर कबूल झालेलं. दोन्हीकडच्या एवढ्या मोठ्या पुढाऱ्यांत ते मोडायची छाती एकाचीही नव्हती. भाषेसाठी मरायला निघालेले हे वीर!

मग आम्ही कामाला लागलो. पडलेलं झाड मेलेलं असतं असं समजू नये. गटारात रुतलेल्या फांद्या वाकून ताणलेल्या होत्या. चुकीच्या बाजूने कापली तर फांदी सुटून माणसाची बरगडी मोडते. दोघा कार्यकर्त्यांना कुऱ्हाड घेऊन मदत करायची हौस आली, त्यांना बसाप्पाने नुसत्या नजरेने लांब हाकललं. आंब्याचा चीक करवतीला चिकटत होता, तिला रॉकेल लावत लावत आम्ही बुंध्याचे तुकडे केले. काकीने चुलीतली राख आणून दिली. मी ती पाचरींना चोळली आणि फोडायला बसलो. ओला आंबा मोठा ठेवला तर पेटत नाही, नुसता धुमसतो. मी बारीक फोडत होतो, दाजींनी सांगितलं होतं तसं. सुकी लाकडं आणि करवंट्या शेजाऱ्यांनी आणल्या. फोडलेलं लाकूड वाहायला मात्र दोन्हीकडची माणसं पुढे झाली. वाहताना एकमेकांना वाट करून देत होती. मला त्याचं कौतुक वाटलं नाही. एवढं सकाळीच केलं असतं तर आंबा उभा राहिला असता.

काकी शेजारी चिऱ्यावर येऊन बसली. घरात बायका दाजींजवळ होत्या. बराच वेळ ती पाचर आत जाताना बघत राहिली, मग मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्येंनी आयकल्यानी रे."

माझा हात थांबला.

"पयल्याच घावाक जागे झाले. 'आमचो आंबो मगो?' म्हणून इचारल्यानी. मी म्हटलंय, नाय, दुसऱ्याचो. 'आमचोच,' म्हणाले. मगे भिंतीकडे तोंड केल्यानी ते परत बोलाकच नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "तू मार. थांबा नको."

मी घण उचलला. त्यानंतर पाचर कुठे लागत होती हे माझं मलाच कळत नव्हतं.

थोड्या वेळाने गुरुदास आंघोळ करून ओल्या पंचाने बाहेर आला. तोंड राखेसारखं झालेलं. सगळ्यांसमोर त्याने आईला विचारलं, "आये, बाबांनी आयकल्यानी काय गे?"

सगळ्यांना हेच ऐकायचं होतं. काकी उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पलीकडच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाय. निजान होते. निजानच गेले. तेंका कायेक कळाक नाय." तिचा आवाज जराही हलला नाही. मी खाली मान घालून लाकूड फोडत राहिलो.

ऊन असतानाच दाजींना नेलं. व्हाळाकाठी, ओढ्याच्या कडेला, सरण रचलं, गुरुदासने अग्नी दिला. लाकूड बारीक होतं, लवकर धरलं, धूर फारसा झाला नाही. लोक पांगले तसा गुरुदास माझ्याजवळ आला. "आय म्हणता, बाबा निजान होते. तू सगळो वेळ तिच्यावांगडा होतंस. तुका काय बोलली?"

सकाळपासून जे जे त्याला ऐकवायचं होतं, ते सगळं माझ्या तोंडात तयार होतं. एका वाक्यात मी त्याला जन्मभरासाठी गप्प बसवू शकलो असतो, आणि मला ते हवंही होतं. पण काकीचा तो न हललेला आवाज मी ऐकला होता. "निजान होते," मी म्हटलं. "माका पण तसाच सांगल्यान." तो तिथेच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मला वाटलं, चला, निदान आता तरी हा माणूस भाषणं करायची सोडेल.

माणसांबद्दलचा माझा अंदाज लाकडाइतका पक्का नाही. राज्य झालं. पेडण्याला मांडव घालून मोठी सभा झाली, सगळे हार घालून बसले, आणि गुरुदास बोलायला उभा राहिला. मी मागे खुर्चीवर होतो. तो म्हणाला, "बंधूंनो, आंदोलनाच्या दिवशी आमच्या दारातल्या आंब्यावर कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला, तेव्हा माझे वडील मृत्युशय्येवर जागे झाले. त्यांनी तो घाव ऐकला. आणि ते म्हणाले, पडू दे, बाळ! आपल्या भाषेसाठी पडू दे!"

मांडव टाळ्यांनी भरून गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ताडकन उठलो, खुर्ची मागे पडली. तोंड उघडलं होतं, पहिला शब्द जिभेवर आला होता.

खुर्चीच्या आवाजाने पुढच्या रांगेतली पांढऱ्या लुगड्यातली एक बाई वळली. सत्यभामाकाकी. दाजी शेवटचं काय बोलले हे त्या अख्ख्या मांडवात फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मग परत पुढे वळून लेकाकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागली.

मी खुर्ची उचलली, खाली बसलो आणि टाळ्या वाजवल्या.